रात्री कॉम्प्युटर चालू ठेवावा का?

“डॉक्टर, रात्रभर कॉम्प्युटर चालू राहिला तर काही अपाय आहे का?” हा प्रश्न करोनानंतर मला बऱ्याचदा विचारला जातो. कारण उघड आहे. २०२० पूर्वी कॉम्प्युटर ऑफिसात असायचा, किंवा फार तर हॉलच्या कोपऱ्यात, वर कापडी कव्हर घालून. टाळेबंदीत तो बेडरूममध्ये आला आणि टाळेबंदी उठली तरी तिथून हलला नाही. दोन खोल्यांच्या घरात दुसरी जागा तरी कुठून आणणार? पलंगापासून चार हातांवर टेबल, त्यावर मॉनिटर, खाली सीपीयू. रात्री बारा वाजता “सकाळी परत लावायचाच आहे, राहू दे चालू” असं म्हणून माणूस आडवा होतो.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा रेडिएशनची भीती असते. काहींना आगीची असते, काहींना विजेच्या बिलाची. घरात इंजिनिअर मुलगा असेल तर त्याचं मत नेमकं उलटं: “बाबा, सारखं बंद-चालू केल्यानं मशीन खराब होतं.”

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत असेल तर रात्री तो पूर्ण बंद करावा. दुसऱ्या खोलीत असेल तर निदान स्लीपवर टाकावा. पण त्याचं कारण रेडिएशनही नाही आणि मशीनचं आयुष्यही नाही. कारण आहे तुमची झोप, आणि त्याबद्दल मात्र मला क्वचितच कोणी विचारतं.

आधी मशीनचं बघू

बंद-चालू केल्यानं मशीन बिघडतं, ह्या समजाला एके काळी थोडा आधार होता. जुन्या हार्ड डिस्क थांबताना आणि सुरू होताना झिजायच्या. पण नंतरच्या बऱ्याच डेस्कटॉप हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात त्या ५०,००० वेळा थांबून पुन्हा सुरू होऊ शकतात असं लिहिलेलं असतं. रोज एकदा बंद केलात तरी तो आकडा गाठायला १३५ वर्षांहून जास्त लागतील. हल्लीच्या एसएसडीमध्ये तर फिरणारा भागच नाही. त्यामुळे हा मुद्दा मी इथेच सोडतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. काहीही काम न करता नुसता चालू असलेला डेस्कटॉप मॉनिटर सोडून साधारण ६० वॅट खातो, गेमिंगचा असेल तर जास्त. आठ तासांचे झाले ४८० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ अर्धा युनिट. महिन्याला १४-१५ युनिट. बिल फार फुगत नाही, पण महावितरणच्या पहिल्या १०० युनिटांच्या टप्प्यात जेमतेम बसणाऱ्या घराला एवढ्यानं वरचा दर लागू शकतो. लॅपटॉप ह्याच्या पाव हिश्श्यातच भागवतो. स्लीपवर टाकलेलं यंत्र तर एक ते पाच वॅटवर पडून राहतं.

आगीचं म्हणाल तर मला कॉम्प्युटरपेक्षा त्याच्यामागच्या एक्स्टेन्शन बोर्डची जास्त धास्ती वाटते. एकाच बोर्डवर मॉनिटर, राउटर, मोबाईलचे दोन चार्जर आणि डास मारायचं मशीन. पिन सैल, अर्थिंगचा पत्ता नाही. लॅपटॉप गादीवर किंवा पांघरुणात चार्जिंगला लावून झोपणं हे मात्र खरोखर धोक्याचं. त्याच्या हवेच्या फटी बुजतात, बॅटरी तापते आणि लिथियमची बॅटरी एकदा पेटली की सहज विझत नाही. हे आज रात्रीपासून बंद करा. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढून ठेवणं हा आपल्या आजीच्या काळचा रिवाजही योग्यच आहे.

रेडिएशन म्हणजे नक्की काय?

हा शब्द ऐकला की लोकांना एक्स-रे आठवतो. एक्स-रेचा किरण पेशीतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो, डीएनएला इजा करू शकतो. वाय-फायच्या रेडिओ लहरींमध्ये ती ताकद नसते. जुने टीव्हीसारखे जाडजूड मॉनिटर होते, त्यांच्या नळीत थोडे क्ष-किरण तयार व्हायचे, पण ते जाड काचेतच अडायचे. आजच्या सपाट मॉनिटरमध्ये ती नळीच नाही. त्यामुळे मॉनिटरशेजारी निवडुंगाची कुंडी ठेवून रेडिएशन शोषलं जातं वगैरे गोष्टींना अर्थ नाही. निवडुंग दिसायला छान असतो, जरूर ठेवा.

गंमत अशी की आजच्या कॉम्प्युटरमधून बाहेर पडणाऱ्या लहरींमध्ये प्रत्येक कणामागे सर्वांत जास्त ऊर्जा असते ती स्क्रीनच्या उजेडात. आणि आपल्या शरीरात त्या उजेडाची रोजच्या रोज नोंद ठेवणारी एक यंत्रणा आहे. काळजीच करायची तर तिची करा.

डोळ्यातलं घड्याळ

शाळेत आपण शिकलो की दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात, दंडपेशी आणि शंकुपेशी. १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन नावाचं एक प्रकाशसंवेदी प्रथिन सापडलं. २००२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात हे प्रथिन असलेल्या तिसऱ्याच पेशी आहेत. ह्या पेशींचं मुख्य काम चित्र बघणं हे नाही. उजेड आहे की अंधार एवढंच त्या मेंदूला कळवत राहतात, आणि निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. काही अंध व्यक्तींमध्येसुद्धा ह्या पेशी शाबूत असतात. दिसत काही नाही, पण शरीराला दिवस-रात्र कळते.

निरोप जातो मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर. तिथे शरीराचं मुख्य घड्याळ आहे. अंधार पडल्याची खबर मिळाली की ते पिनिअल ग्रंथीला मेलाटोनिन सोडू देतं. मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे. “रात्र झाली” अशी ती दवंडी आहे. मग शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं आणि झोप सोपी होते. प्रत्येक पेशीत असलेल्या अशा घड्याळाची जनुकीय रचना शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ह्यावरून विषयाचं वजन लक्षात यावं.

आता स्क्रीनचा उजेड किती बिघडवतो? बोस्टनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. बारा निरोगी माणसांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास उजळ स्क्रीनवर पुस्तक वाचायला दिलं आणि दुसऱ्या पाच रात्री कागदी पुस्तक. स्क्रीनवाल्या रात्रींमध्ये मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं, शरीराचं घड्याळ दीड तासानं मागे पडलं. पण झोप लागायला किती उशीर झाला? सरासरी दहा मिनिटं.

हा शेवटचा आकडा फारसा कोणी सांगत नाही. चार तास, पूर्ण उजेडात, सलग पाच रात्री, आणि फरक दहा मिनिटांचा. दीड तासानं मागे पडलेलं घड्याळ ही किरकोळ गोष्ट नव्हे, सकाळी उठताना ती जाणवतेच. पण “निळा प्रकाश झोप उडवतो” ह्या एका वाक्यावर चष्म्यांचा मोठा बाजार उभा राहिला आहे आणि तो मला पटत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेनं निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांच्या ताणावर त्यांचा, निदान थोड्या मुदतीत, फारसा फायदा दिसला नाही आणि झोपेबद्दलही ठाम असं काही हाती लागलं नाही. हजार-दोन हजार रुपये वाचवा. रात्री खोलीतला मोठा दिवा मालवणं फुकट आहे.

मग बंद करा असं का म्हणतो?

कारण उजेड हा गोष्टीचा एक भाग आहे. यंत्र चालू राहिलं की दिवस संपत नाही, हा दुसरा आणि माझ्या अनुभवात मोठा भाग.

हिंजवडीत काम करणाऱ्या माणसाचं बघा. पुण्यात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. तिकडचे लोक जेवून ताजेतवाने होऊन कामाला बसत असतात. इकडे हा माणूस कॉल संपवून, व्हीपीएन तसंच ठेवून आडवा होतो, कारण “काही आलंच तर बघता येईल.” साडेबाराला टिंग असा आवाज येतो. तो उठतो, दोन ओळी टाइप करतो, परत पडतो. पाऊणला पुन्हा. काम मिळून चार मिनिटांचं असतं, पण झोप तासभर पुढे जाते, कारण मेंदू पहारा देत बसलेला असतो. अशी माणसं माझ्याकडे ब्लडप्रेशर, पित्त, चिडचिड घेऊन येतात. चाळिशीतल्या एका गृहस्थांना ब्लडप्रेशरची दुसरी गोळी सुरू करण्याआधी मी विचारलं, “झोपता किती?” उत्तर बायकोनं दिलं: “झोपत नाहीत हो हे, नुसते लोळतात. खोलीत एअरपोर्टसारखा उजेड असतो.” रोजची झोप साडेचार-पाच तासांवर आली होती. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात.

कमी झोप म्हणजे नुसती जांभई नव्हे. १९९९ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. एवढ्या काळात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. ज्या देशात घरटी एक डायबिटीस आहे असं वाटावं अशी स्थिती आहे, तिथे हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२२ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात तरुण मंडळींना एक रात्र १०० लक्सच्या उजेडात झोपवलं, म्हणजे खोलीतला दिवा चालू ठेवल्यासारखं. रात्री त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले राहिले आणि सकाळी इन्सुलिन नीट काम करेना. एका रात्रीत! अर्थात दूर टेबलावरचा मॉनिटर एवढा उजेड तुमच्या पापण्यांवर टाकत नाही, आणि सीपीयूवरचा इवलासा निळा दिवा तर मुळीच नाही. पण उशीपासून तीन फुटांवर पांढरं पान उघडं असलेला मोठा मॉनिटर ही वेगळी गोष्ट आहे. किमान तो तरी मालवा.

“पण स्क्रीन बंदच असते, नुसता सीपीयू चालू असतो,” असं काही जण म्हणतात. त्यांनी आवाजाचा विचार करावा. पंख्याची एकसुरी घरघर आपल्याला सहसा त्रास देत नाही. उलट छताचा पंखा बंद पडला की आपण जागे होतो. त्रास होतो तो बदलत्या आवाजाचा. पहाटे तीनला कॉम्प्युटर आपणहून अपडेट सुरू करतो, पंखे अचानक जोरात फिरू लागतात, हार्ड डिस्क कुरकुरते, थोड्या वेळानं पुन्हा शांत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये सुचवलं होतं की झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलपेक्षा आणि अधूनमधूनचा आवाज ४५ डेसिबलपेक्षा जास्त असू नये. रस्त्यावरच्या घरात हा हिशेब कधीच कोलमडलेला असतो हे मान्य. मग त्यात घरातलीच भर कशाला?

आणि उष्णता. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ६० वॅटचा सीपीयू चालू ठेवून झोपणं म्हणजे त्या बंद खोलीत जवळजवळ आणखी एक माणूस झोपवणं. जानेवारीत चालेल. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला नाही चालणार, आणि दमट मुंबईत तर नाहीच.

मुलांच्या खोलीतला कॉम्प्युटर

इथे मी जरा कडक बोलणार आहे. वयात येणाऱ्या मुलांचं शरीराचं घड्याळ निसर्गतःच उशिरा धावतं. त्यांना अकरापर्यंत झोप येत नाही हा आळस नव्हे, ते वयच तसं. पण त्यांना आठ ते दहा तास झोप लागते आणि कॉलेज, क्लास, बस सकाळी सातला उभे असतात. मुलं उशिरा झोपतात ही गोष्ट आता सरकारलाही मान्य करावी लागली. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचा निर्णय घेतला, तो ह्याच कारणानं. चौथीनंतरच्या मुलांचं काय, हा प्रश्न आहेच.

अशा मुलाच्या खोलीत गेमिंगचा कॉम्प्युटर रात्रभर चालू असणं म्हणजे मधुमेही माणसाच्या उशाशी श्रीखंडाचं पातेलं ठेवणं. तो दार लावून झोपलाय असं तुम्हाला वाटतं. दोन वाजता तो उठून बसतो, कारण दुसऱ्या देशातला मित्र तेव्हाच खेळायला येतो. यंत्र चालूच असल्यामुळे फक्त माउस हलवायचा असतो. पूर्ण बंद असतं तर ते सुरू करायला लागणारा एक मिनिट, तो आवाज, ते लॉगिन ह्या सगळ्यात कदाचित कंटाळून परत झोपला असता. कुठलीही सवय मोडायला मी औषधापेक्षा अशा छोट्या अडथळ्यांवर जास्त भरवसा ठेवतो. खेळापायी जेवण, अभ्यास, मित्र सगळंच सुटायला लागलं असेल तर मात्र प्रश्न पुढे गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तो आजारांच्या यादीत घेतला आहे. ओरडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

एक गोष्ट पालकांना सांगावीशी वाटते. मुलाचा कॉम्प्युटर दहाला बंद करायला लावून स्वतः अंथरुणात एकपर्यंत रील बघत बसलात तर तो तुमचं ऐकणार नाही. का ऐकावं?

ज्यांनी चालू ठेवला तर माझी हरकत नाही

रात्रभर चालू ठेवण्याची चांगली कारणंही असतात. कोणाचा मोठा बॅकअप चालतो, कोणी व्हिडिओचं संकलन करतं आणि ते तयार व्हायला सहा तास लागतात. एक कारण तर डॉक्टर म्हणून मला फार आवडतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० साली ‘फोल्डिंग अॅट होम’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. आपल्या शरीरातली प्रथिनं घड्या घालून आकार कसा घेतात आणि त्यात चूक झाली की आजार कसे होतात, ह्याची अवाढव्य गणितं लोकांच्या घरच्या रिकाम्या कॉम्प्युटरांवर वाटून सोडवायची, अशी ती कल्पना. २०२० मध्ये करोना विषाणूच्या प्रथिनांवर काम सुरू झाल्यावर जगभरातून इतके लोक आले की त्या घरगुती यंत्रांची एकत्र ताकद काही काळ जगातल्या सर्वांत मोठ्या महासंगणकांच्याही पुढे गेली. लोक झोपलेले आणि त्यांची यंत्रं विज्ञानासाठी राबताहेत! असं काही करत असाल तर खुशाल करा. फक्त यंत्र हॉलमध्ये ठेवा, मॉनिटर बंद, स्पीकर बंद, बोर्ड चांगला, भोवती हवा खेळती.

जागाच नाही, त्याच खोलीत ठेवावा लागतो, अशांनी काय करायचं? झोपायच्या तासभर आधी काम संपवा. उद्याची पहिली दोन कामं कागदावर लिहून ठेवा. ती डोक्यात राहिली की मेंदू ती सोडत नाही. मग शट डाउन करा आणि बोर्डचं बटण बंद करा. रात्री ऑफिसचा फोन येऊ शकणारी नोकरी असेल तर तेवढ्या एका नंबरची रिंग चालू ठेवा, बाकी सगळं मूक. दहापैकी नऊ रात्री तो फोन येत नाही, आणि खरंच तातडीचं असेल तर माणसं ईमेल करत नाहीत, फोनच करतात. वरिष्ठांनाही एकदा हे स्पष्ट विचारून घ्या. बऱ्याचदा रात्रभर हजर राहण्याची अपेक्षा कोणी बोलून दाखवलेलीच नसते, आपणच ती धरून बसतो.

दोन-तीन आठवडे एवढं करून बघा. झोप सुधारली तर उत्तम. नाहीच सुधारली तर दोष कॉम्प्युटरच्या माथी मारत बसू नका. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा गाडी चालवताना डुलकी, ही लक्षणं स्लीप अॅप्नियाची असू शकतात. त्याची तपासणी असते, उपचारही आहेत. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं आणि मन सतत उदास असणं ह्याचंही कारण टेबलावर नाही, आत शोधावं लागतं.

आणि “रात्री सगळी यंत्रं बंद” ह्या उत्साहात एक चूक कृपया करू नका. घरात कोणाला झोपताना सीपॅप मशीन लावायला सांगितलं असेल, आजी-आजोबांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल, तर ती यंत्रं रात्रभर चालायलाच हवीत. त्यांचा प्लग कॉम्प्युटरच्या बोर्डवर लावू नका. त्यांना भिंतीवरचं स्वतंत्र सॉकेट द्या आणि त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे झोपण्याआधी घाईत हात तिकडे गेला तरी ते बंद होणार नाही.